अंगावर पित्त उठलं तर: आधी श्वास, मग घड्याळ, मग आमसूल

"पित्ताची गोळी द्या" म्हणत कुणी काउंटरवर आलं की मी आधी विचारतो, "पोटातलं की अंगावरचं?" गोव्यात फोंड्याला फार्मसीत उभं राहायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण ही सवय लागली पहिल्याच वर्षी. एका गृहस्थांनी अशीच गोळी मागितली आणि मी छातीतल्या जळजळीवरची पट्टी कापून दिली. दुसऱ्या दिवशी मी शटर वर करायच्या आधी ते दारात हजर. बाही सारून दंड पुढे केला. कोपरापासून खांद्यापर्यंत लाल-पांढऱ्या गांधी, जणू रात्रभर कुणी खाजकुयली चोळली होती. "तीन गोळ्या घेतल्या. पोट अगदी छान आहे," म्हणाले.

दोष अर्धा माझा, अर्धा आपल्या भाषेचा. घशाशी आंबट आलं तरी आपण पित्त म्हणतो, उन्हातून येऊन डोकं चढलं तरी पित्त, आणि अंगभर गांधी उठल्या तरी पित्तच. आयुर्वेदात या शेवटच्याला शीतपित्त असं वेगळं नाव आहे. डॉक्टर चिठ्ठीवर अर्टिकेरिया लिहितात. पोटातल्या आम्लाशी त्याचं काही देणंघेणं नाही. कातडीच्या आत मास्ट नावाच्या पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामीन भरलेलं असतं. काही कारणाने या पेशी बिथरल्या की ते बाहेर सांडतं. मग आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात (म्हणून लाली), पाझरतात (म्हणून फुगवटा) आणि मज्जातंतूंची टोकं चाळवतात (म्हणून खाज). एवढा सगळा खेळ त्या हिस्टामीनचा. म्हणूनच अँटिहिस्टामीन गोळी चालते आणि अँटासिड चालत नाही.

पहिल्यांदाच पित्त उठलेल्या माणसाला आणि त्याच्या घाबरलेल्या घरच्यांना मी काउंटरवर जे सांगतो, तेच इथे जरा सावकाशीने लिहितो आहे.

सगळ्यात आधी तोंड आणि श्वास

गांधी कितीही भयंकर दिसोत, नुसत्या कातडीवरच्या पित्ताने माणूस दगावत नाही. धोका असतो तो पित्ताबरोबर आणखी काही सुरू झालं तर. जीभ किंवा घसा सुजणं, आवाज घोगरा होणं, गिळताना अडकणं, छातीत घरघर, धाप, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, एकदम पातळ जुलाब किंवा उलट्या, लहान मूल अचानक मलूल होणं. यातलं एक जरी गांधींच्या जोडीला दिसलं तरी पुढचं काही वाचत बसू नका. १०८ लावा. या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यावर औषध एकच: मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. परदेशात रुग्ण स्वतःच टोचून घेतात तशी पेनं आपल्याकडे सहजी मिळत नाहीत, त्यामुळे दवाखाना गाठण्यावाचून इलाज नाही. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, यांतलं जे जवळ असेल ते.

अँब्युलन्स येईपर्यंत माणसाला आडवं निजवा आणि पाय उशीवर उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. "चल, स्कूटरवर मागे बस, पाच मिनिटांत नेतो" हे तर अजिबात नको. रक्तदाब पडलेला माणूस उभा राहिला की कोसळतो. सिट्रिझिन ही अँटिहिस्टामीन गोळी द्यायला हरकत नाही, पण त्या भरवशावर थांबू नका. ती घशाची सूज वेळेत उतरवत नाही. आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी डॉक्टर काही तास थांबवून घेतात. कंटाळून सही करून निघून येऊ नका, कारण हाच झटका काही तासांनी परत येऊ शकतो.

नुसता ओठ किंवा पापणी सुजली, बाकी श्वास-घसा ठीक, तर ती पित्ताचीच खोलातली बहीण. दिसायला भीषण, उतरायला सावकाश, कधी दोन-तीन दिवसही लागतात. लक्ष ठेवायचं. मात्र रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल जातीची गोळी घेणाऱ्याचे ओठ-जीभ गांधींशिवायच सुजले, तर संशय त्या गोळीवर घ्यायचा आणि लगेच इस्पितळ गाठायचं. वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतलेली गोळीही हे करते.

हे पित्तच आहे का? पेन आणा

आता घड्याळ. एखादी ठसठशीत गांध निवडा, तिच्या कडेने बॉलपेनने गोल काढा आणि बाजूला वेळ लिहा. थेट कातडीवरच. लिहिताना पेन हलक्या हाताने चालवा, नाहीतर पेनाच्या रेघेचीच नवी गांध उठते (काहींचं पित्त असंच असतं, त्याकडे पुढे येतो).

पित्ताची गांध एका जागी टिकत नाही. दोन-चार तासांत, फार तर चोवीस तासांत ती विरते आणि मागे काही डाग ठेवत नाही. नवी गांध दुसरीकडे उठते, म्हणून आपल्याला वाटतं की कालचंच चाललंय. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तुमचं वर्तुळ रिकामं असेल तर ते पित्त. वर्तुळात गांध अजून बसून असेल, खाजेपेक्षा जळजळ किंवा दुखणं जास्त असेल आणि जाताना जांभळट वण उरत असेल, तर ते साधं पित्त नव्हे. रक्तवाहिन्यांनाच सूज आल्याची शंका असते, त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा.

आपल्याकडे पित्त समजून भलतंच काही घेऊन येणारेही बरेच. मे महिन्यात घामोळं. रात्री बोटांच्या बेचक्यात खाज आणि घरातली बाकीचीही खाजवताहेत, तर खरूज. कडा गोल, मध्ये साफ आणि महिनाभर तिथेच, तर गजकर्ण. मार्च ते मे काजूच्या मोसमात बिया भाजताना किंवा फोडताना टरफलातलं तेल उडतं, त्याने कातडी भाजते आणि फोड येतात. बिबा, आंबा आणि काजू एकाच कुळातले, त्यामुळे आंब्याच्या चिकाचाही हाच गुण. त्या फोडांवर पित्ताच्या गोळीचा फारसा उपयोग नाही, आधी साबणाने नीट धुवायचं. पावसाळ्यात शेवग्याच्या झाडावर केसाळ सुरवंटांचे थर चढतात, खालून गेलं की मानेवर आग. तिथे खाजवायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटायची म्हणजे रुतलेले केस निघतात, मग धुवायचं. आणि अंगात ताप, सांधे दुखताहेत, पुरळ विरत नाही, तर रक्त तपासा. पावसात डेंगी असतो, पित्त म्हणून घरी बसू नका.

पहिला तास

गार करा. पंचा किंवा जुनी सुती साडी साध्या पाण्यात भिजवून, पिळून, खाजणाऱ्या भागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. किंवा कोमट नाही, गारच पाण्याने आंघोळ. खाजेला कढत पाणी बरं वाटतं, हे मला ठाऊक आहे, मीही केलंय. त्या क्षणी सुख आणि अर्ध्या तासाने दुप्पट गांधी. उष्णतेने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. बर्फ थेट कातडीला नको. आणि ज्यांना गारव्यानेच पित्त उठतं त्यांनी हा सगळा परिच्छेद सोडून द्यावा.

कपडे सैल आणि सुती. आपल्या दमट हवेत नायलॉनची नाइटी, पॉलिस्टरचा युनिफॉर्म आणि वरून रेनकोट म्हणजे अंगाभोवती भट्टीच. पट्टा, इलॅस्टिक, ब्रेसियरची कड, बॅगेचा बंद जिथे रुततो तिथे गांधी हमखास जास्त. नखं कापा. मुलांची तर आधी.

कॅलामाइन लोशन खाज थोपवतं, लावा. ट्यूबमधलं स्टेरॉइडचं मलम यावर कुचकामी, कारण गांध मलम मुरायच्या आत आपली आपण जाते आणि दुसरी पाठीवर उठते, जिथे तुमचा हात पोचत नाही.

आणि आता आमसूल. पित्त उठलं की सोलं भिजत घालायची आणि ते पाणी अंगाला चोळायचं, हे आमच्या घरी आजीपासून चालत आलंय. गोव्यात भिरंडांचा (कोकमाच्या फळांचा) काय तोटा? माझं मत विचाराल तर: लावा, पण त्यातून काय मिळतं ते ओळखून लावा. गार पाणी कातडीवर सुकतं, थंडावा येतो, कुणीतरी मायेने हात फिरवतं. हे कमी नाही. पण सोलांचं पाणी आंबट असतं, खाजवून कातडी सोलवटली असेल तर झोंबतं. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) तर मीठ असतं, ते चोळूच नका. सोलकढी हवी तेवढी प्या, तिने अपाय नाही, पण ती पित्ताची गोळी नव्हे.

घोंगडी घासायची रीत मात्र सोडा. लोकरीच्या कुसांनी कातडी घासली की मास्ट पेशी आणखी चेकाळतात. गेरूचा लेप अपाय करत नसावा, पण खाली काय चाललंय ते झाकून टाकतो आणि डॉक्टरांना लाल मातीच दिसते.

गोळी

मोठ्या, बाकी निरोगी माणसासाठी सिट्रिझिन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किंवा लेव्होसिट्रिझिन ५ मिलिग्रॅम, किंवा लोराटाडिन १० मिलिग्रॅम, किंवा फेक्सोफेनाडिन १८० मिलिग्रॅम. यांतली एक. चारही नव्हेत. तासाभरात फरक जाणवतो आणि साधारण दिवसभर पुरतो. सिट्रिझिन काहींना पेंगवते, म्हणून रात्री घ्यावी. फेक्सोफेनाडिन सगळ्यांत कमी पेंगवते, टॅक्सी किंवा बस चालवणाऱ्यांसाठी मी डॉक्टरांना तीच सुचवायला सांगतो.

फेक्सोफेनाडिनची एक खोड सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मोसंबी-संत्री-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात नीट मुरत नाही. आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं गुलाबी किंवा पांढरं अँटासिड पाठोपाठ प्यायलं तरी तेच. म्हणजे "पित्त" म्हणून दोन्ही औषधं एकदम घेणारा माणूस एका औषधाने दुसऱ्याचा पाय ओढतो. दोन्ही हवीच असतील तर मध्ये दोन तास ठेवा.

जुन्या पिढीच्या गोळ्या, फेनिरामाइन किंवा क्लोरफेनिरामाइन, अजून खूप जण नावानिशी मागतात. त्यांनी गुंगी येते, तोंड सुकतं, वयस्कांची लघवी तुंबते, आणि दुसऱ्या सकाळी स्कूटर चालवताना डोकं जड असतं. नवी गोळी असताना त्यांचा हट्ट कशाला? शिवाय कुठलीही पेंगवणारी गोळी आणि फेणी एका रात्री नको. उर्राकाच्या (काजूच्या हलक्या दारूच्या) दिवसांत हे सांगताना लोक हसतात. हसू दे. दारूने पित्तही वाढतं, गुंगीही.

मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि लहान मुलं, यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये. मुलांचा डोस वय आणि वजनावर ठरतो. मोठ्याची गोळी अर्धी मोडून देणं हा हिशेब नव्हे.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे गांध उठली की गोळी, विरली की बंद. पित्त दिवसेंदिवस येत असेल तर गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची असते, गांध असो नसो. ती आग विझवते त्यापेक्षा लागू न देण्यात जास्त पटाईत आहे. किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. डोस वाढवायचा तोही त्यांनीच. एका गोळीने भागलं नाही तर तज्ज्ञ हीच औषधं चौपटीपर्यंत नेतात, हे खरं आहे, पण ते आपल्या मनाने करायचं काम नाही.

स्टेरॉइडच्या बारीक गोळ्या उरलेल्या पट्टीतून घेऊ नका. चिठ्ठीशिवाय मागायला येणारे रोज दोघे-तिघे असतात. "गेल्या वेळी दोन घेतल्या आणि झटक्यात साफ." साफ होतंच. बंद केलं की परत येतं, मग पुन्हा दोन, आणि वर्षभराने साखर आणि वजन घेऊन माणूस परत आमच्याच काउंटरवर. जोराच्या झटक्यात डॉक्टर चार-पाच दिवस देतात, तेवढंच त्यांचं काम.

बांगड्याचं प्रकरण

हे वेगळं काढून सांगायला हवं, कारण गोव्यात राहून बांगडा कायमचा सोडणं ही शिक्षा आहे आणि ती पुष्कळ जण विनाकारण भोगतात.

आमच्याच घरचं सांगतो. जुलैचा महिना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाजारात जे येतं ते बरंचसं लांबून, बर्फात. त्या दिवशी बांगडे स्वस्त मिळाले म्हणून मी डझनभर घेतले आणि दुकानात परत जायचं म्हणून पिशवी स्कूटरच्या डिकीत तशीच दुपारपर्यंत राहिली. आईने रेशाद मसाला लावून तळले. जेवण आटोपून अर्धा तास झाला नसेल, आईचा चेहरा तांबडालाल. मग माझा. मग ज्याने उगाच आग्रहाने तिसरा बांगडा खाल्ला त्या आतेभावाचा सगळ्यांत जास्त. छातीत धडधड, डोकं ठणकतंय, मानेवर-छातीवर गांधी. आतेभाऊ म्हणाला, तोंडात घातल्यावर जिभेला मिरपुडीसारखं चुरचुरलं होतं, पण रेशादच तिखट असेल म्हणून तो गप्प बसला.

ही अ‍ॅलर्जी नव्हती. बांगडा, तारली, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा गार राहिला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. तेच हिस्टामीन, जे आपल्या मास्ट पेशींत असतं. इथे ते बाहेरून ताटात वाढलेलं. तळून, उकडून, कालवण करून ते मरत नाही, आणि माशाला वास यायलाच हवा असंही नाही. दहा मिनिटं ते तासभरात त्रास सुरू होतो आणि बहुधा त्याच दिवशी उतरतो. आम्ही तिघांनी सिट्रिझिन घेतली, संध्याकाळपर्यंत ठीक झालो. श्वास लागला असता तर अर्थातच १०८.

ओळखायचं कसं? ताटावर बसलेल्या एकाहून जास्त जणांना झालं आणि ज्याने जास्त खाल्लं त्याला जास्त झालं, तर दोष माशाच्या शिळेपणाचा. एकट्यालाच झालं, आणि पुन्हा ताजा मासा खाल्ल्यावरही झालं, तर अ‍ॅलर्जीचा विचार. आम्ही ऑगस्टमध्ये ताजे बांगडे खाल्ले, कुणाला काही झालं नाही. (डिकीत पुन्हा कधी ठेवले नाहीत.) खाऱ्या-सुक्या मासळीतही हिस्टामीन असू शकतं, हे त्या दोन बंदीच्या महिन्यांत लक्षात ठेवा.

सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या, तिसऱ्या यांची खरी अ‍ॅलर्जी असते आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. तिथे मात्र प्रत्येक वेळी, बहुधा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत, त्रास होतो. ज्याला सुंगटं खाऊन एकदा धाप लागली त्याने "थोडं खाऊन बघू" असं घरी करायचं नाही. काजूगराचंही तेच.

वही घाला

कारण शोधताना आपण थेट ताटाकडे जातो. वांगं सोड, डाळ सोड, अंडं सोड. दोन महिन्यांनी माणूस पेज आणि लोणच्यावर येतो आणि पित्त चालूच. मुलांमध्ये अचानक उठणाऱ्या पित्तामागे बहुतेकदा साधा विषाणू असतो: सर्दी-ताप होऊन गेला, चार दिवसांनी गांधी. मोठ्यांत पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण काही कारणं अशी आहेत की ती शोधली तरच दिसतात, म्हणून वही.

रोज रात्री दोन आकडे लिहा. गेल्या चोवीस तासांत गांधी किती: नाहीत तर ०, वीसपेक्षा कमी तर १, वीस ते पन्नास २, पन्नासहून जास्त ३. खाज किती: ०, सौम्य १, मध्यम २, झोप उडवणारी ३. बेरीज करा. आठवड्याचे जास्तीत जास्त ४२ गुण होतात. आठवड्याला सहा किंवा त्याहून कमी म्हणजे आटोक्यात, अठ्ठावीस किंवा त्याहून जास्त म्हणजे जोरात. त्वचारोगतज्ज्ञ हाच हिशेब वापरतात, तुम्ही तयार घेऊन गेलात तर त्यांची दहा मिनिटं वाचतात.

बाजूला लिहा: त्या दिवशी कुठली गोळी घेतली (डोकेदुखीची, गुडघ्याची, अँटिबायोटिक, अगदी काढासुद्धा), ताप-सर्दी होती का, पाळी कधी आली, दारू, जागरण, घाम, गार वारा, घट्ट कपडा. खाणं शेवटी लिहा. आणि फोटो काढा. पित्ताचा स्वभावच असा की नंबर लागून आत जाईपर्यंत अंग कोरं. डॉक्टर काय बघणार?

काही खुणा वहीशिवायही कळतात. नखाने रेघ ओढली की पाच-दहा मिनिटांत ती रेघ फुगून वर येते, तर ते रेघेचं पित्त. टाळी वाजवली, बॅग धरली आणि चार-सहा तासांनी तळवा सुजला, तर दाबाचं. पळालात, घाम आला, गरम चहा घेतला आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गांधी छातीवर उठल्या, तर ते घामाचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तरण्या पोरांत हे खूप. पावसात स्कूटरवरून भिजत आल्यावर हात-गाल फुलले, तर गारव्याचं. या शेवटच्या मंडळींनी एक पथ्य कडक पाळावं: धबधब्याखाली किंवा समुद्रात एकदम उडी नको, एकट्याने तर नाहीच. सगळं अंग एकदम गार पडलं की इतकं हिस्टामीन सुटतं की पाण्यातच शुद्ध हरपू शकते.

सहा आठवडे

सहा आठवड्यांच्या आत थांबलं तर ते तात्पुरतं पित्त, आणि बहुतेकांचं थांबतंच. त्यापुढेही बहुतेक दिवस येत राहिलं तर ते जुनाट. तिथे घरच्या उपायांवर भागवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरू मात्र नका. जुनाट पित्तात अन्नाची अ‍ॅलर्जी क्वचितच निघते. पुष्कळदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना डिवचत असते, आणि अशांमध्ये थायरॉइडचा त्रासही जास्त दिसतो. डॉक्टर साधी रक्ततपासणी सांगतील, गरज वाटली तर थायरॉइडचीही. शंभर पदार्थांच्या अ‍ॅलर्जीचं महागडं पॅकेज कुणी गळ्यात मारू लागलं तर आधी विचारा, याने माझा उपचार बदलणार आहे का? असं पॅकेज करून आलेली एक बाई माझ्याकडे यादी घेऊन आली होती. त्यात भात होता, नारळ होता, मासे होते. गोव्यात मग उरलं काय? तिने आठ दिवस ज्वारीच्या लाह्या खाऊन काढले आणि गांधी जिथल्या तिथे.

गोळ्या चौपटीपर्यंत जाऊनही भागलं नाही तर ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, साधारण दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम कातडीखाली. महाग आहे, पण अनेकांची झोप त्याने परत आणलीय. आणि जुनाट पित्तही बहुतेकांचं काही महिन्यांत, नाहीतर काही वर्षांत, आलं तसंच निघून जातं.

वहीवरून आठवलं. आमच्या वाड्यावरच्या एका काकींनी पित्तापायी सुंगटं सोडून आठ महिने झाले होते. चतुर्थीनंतर उठलेलं पित्त, आधी सुंगटं खाल्ली होती, म्हणून तीच गुन्हेगार ठरली. गांधी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा येतच होत्या. मी त्यांना शाळकरी नातवाची अर्धी उरलेली वही घालायला लावली. तीन आठवड्यांनी त्या ती घेऊन आल्या. अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक मंगळवार-शुक्रवारच्या पुढे गुण पाच, सहा. मंगळवारी-शुक्रवारी त्या चालत देवळात जातात, पायऱ्या चढतात, आणि घरी आल्यावर गुडघ्यासाठी एक गोळी घेतात. डायक्लोफेनॅक. पट्टी माझ्याच दुकानातली. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी अनेकांचं पित्त चाळवतं. डॉक्टरांनी ती बंद करून पॅरासिटामॉल दिली आणि चिठ्ठीवर लाल शाईत नोंद केली.

परवा काकी दुकानात आल्या त्या सुंगटांची ओली पिशवी हातात घेऊनच. त्या जातीच्या सगळ्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात लिहून मागितली, औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायला. मी लिहून दिली. पिशवीतलं पाणी काउंटरवर ठिबकलं ते पुसता पुसता त्यांनाच म्हटलं, "काकी, बर्फ घातलाय ना?"